ऊदाची ओळख: पहिल्या भपक्यापासून दुसऱ्या दिवशीच्या दरवळापर्यंत

ऊदाचं तेल पहिल्यांदा हुंगणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काही मान झटकन मागे घेतात, काही नाक आणखी पुढे नेतात. मी मान मागे घेणाऱ्यांतला. मनगटावर काचेच्या काडीनं ओढलेली तपकिरी रेघ, आणि नाकात थेट गोठा शिरला. ओलं गवत, शेण, कमावलेलं कातडं, वर औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा झणका. साबणानं दोनदा हात धुतला, वास हलला नाही. वैतागून नाद सोडला. रात्री झोपताना तोच हात उशीखाली गेला आणि मी उठून बसलो. आता तिथे जुन्या लाकडी कपाटाच्या आतला वास होता, त्यात मधाची गोडी आणि विझलेल्या धुपाचा माग. एकाच रेघेचे हे दोन वास आहेत हे पटायला मला वेळ लागला.

पुढचं सगळं त्या दोन वासांच्या मधल्या तासांबद्दल आहे. ऊद नापसंत करणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी पहिल्या दहा मिनिटांवर निकाल दिलेला असतो, असं माझं मत आहे. उरलेल्यांना तो खरोखरच आवडत नाही, आणि तेही ठीकच.

आधी नावाचा घोळ

मराठीत ऊद म्हटलं की निखाऱ्यावर टाकायची राळ डोळ्यांपुढे येते, उदबत्तीही तिथलीच. पर्फ्युमच्या बाटलीवरचा ऊद वेगळा. अरबीत ऊद म्हणजे मुळात लाकूड. त्या नावाचं तंतुवाद्य आहे, तेही याच शब्दाचं. सुगंधाच्या व्यापारात मात्र ऊद म्हणजे एकच लाकूड, ज्याला आपण अगर किंवा कृष्णागरू म्हणतो. म्हणजे उदबत्तीतला ऊद आणि अगरबत्तीतला अगर हे दोन्ही शब्द मुळात एकाच लाकडाकडे बोट दाखवतात, आणि आजच्या बहुतेक काड्यांमध्ये त्या लाकडाचा कणही नसतो.

हे लाकूड देणारी झाडं अ‍ॅक्विलेरिया वंशातली, आणि त्यांच्याच भावकीतल्या जायरिनॉप्स वंशातली. ईशान्य भारतापासून न्यू गिनीपर्यंतच्या दमट जंगलांत ती वाढतात. निरोगी झाड तोडलंत तर हाती पांढुरकं, हलकं, जवळजवळ बिनवासाचं लाकूड येईल. ऊद तयार होतो तो जखमेतून. खोडकिडा आत बोगदे पाडतो किंवा फांदी मोडते, त्या वाटेनं बुरशी शिरते, आणि तिला अडवण्यासाठी झाड आपल्या लाकडात गडद राळ भरत जातं. हे काम वर्षानुवर्षं चालतं. लागवडीच्या झाडांत माणूसच छिद्रं पाडतो, खिळे ठोकतो किंवा बुरशी टोचतो.

संस्कृतात अगुरू म्हणजे ‘जड नसलेलं’. चिनी आणि जपानी नावांचा अर्थ नेमका उलटा, ‘बुडणारा सुगंध’. दोघांचंही खरं आहे. कोरं लाकूड पाण्यावर तरंगतं. राळेनं गच्च भरलेला तुकडा तळाला जातो.

पायरी पहिली: बाटलीत काय आहे ते ठरवा

‘ऊद’ हा शब्द लेबलवर असला म्हणजे आत अगरचं तेल आहे असं मुळीच समजू नका. हाताशी येणाऱ्या वस्तूंचे ढोबळ तीन प्रकार करता येतात.

पहिलं शुद्ध तेल, अरबीत देहन अल ऊद. राळ धरलेल्या लाकडाचे तुकडे किंवा भुगा पाण्यात भिजत घालतात, काही दिवस, कधी काही आठवडे. मग पाण्यासकट भट्टीवर चढवून वाफेबरोबर तेल काढतात. उतारा बहुधा एक टक्कासुद्धा पडत नाही. भिजत घातलेलं लाकूड आंबतं, आणि मला पहिल्या दिवशी भेटलेला गोठा बराचसा इथूनच येतो. कमी भिजवलेल्या लाकडाचं तेल त्यामानानं स्वच्छ, मोकळं लागतं. हे कळल्यावर माझा अर्धा राग गेला. तो वास लाकडात दोष असल्याचा नव्हता, ती काढणाऱ्याची निवड होती. कित्येकांना तर तोच भाग सगळ्यात प्रिय असतो.

दुसरं मुखल्लत, म्हणजे मिश्रण. ऊदाच्या तेलात गुलाब, चंदन, केशर, अंबर, कस्तुरीसारखे वास मिसळलेलं, बिनअल्कोहोलचं, काडीनं लावायचं अत्तर. यात खरा ऊद भरपूरही असू शकतो आणि नावापुरताही.

तिसरं म्हणजे दुकानातली फवाऱ्याची बाटली. पाश्चात्त्य बाजारात ऊदाची लाट आली ती या शतकात. यीव सां लोराँचं ‘एम ७’ २००२ मध्ये आलं. विक्रीत ते फारसं चाललं नाही, पण पुढच्यांना वाट दाखवून गेलं. २००७ मध्ये टॉम फोर्डचं ‘ऊद वुड’ आलं आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पर्फ्युमच्या घराण्याला आपला एक ऊद हवासा झाला. या फवाऱ्यांत बहुतेक वेळा ऊदाचा आभास असतो, आणि तो रचून काढलेला असतो. त्यासाठी नागरमोथ्याचं तेल फार वापरलं जातं. मातकट, धुरकट, किंचित कातडी वास देणारं. जोडीला पचौली, वाळा, लॅब्डेनमची राळ, धुरासाठी बर्च झाडाचा डांबरी अर्क, आणि प्रयोगशाळेत घडवलेले कोरडे लाकडी रेणू.

नाकानं फरक कसा ओळखायचा? माझा ठोकताळा असा: रचलेला ऊद सकाळी जसा असतो जवळजवळ तसाच संध्याकाळी असतो. कोरडा, टोकदार, नुकत्या तासलेल्या पेन्सिलीसारखा, आणि कधी जखमेवरच्या चिकटपट्टीची आठवण करून देणारा. खरं तेल हलत राहतं. ठोकताळा म्हणजे कायदा नव्हे. कुशल अत्तरकार रचलेल्या ऊदालाही वळणं देतो. रचलेला ऊद म्हणजे फसवणूक असंही मी मानत नाही. मला स्वतःला रोज लावायला रचलेलाच आवडतो, कारण तो माणसांत मिसळतो. फसवणूक तेव्हा होते जेव्हा रचलेला माल शुद्ध तेलाच्या भावानं गळ्यात मारला जातो.

पायरी दुसरी: नाक मोकळं ठेवा

ज्या दिवशी ऊद तपासायचा त्या दिवशी अंगाला दुसरं काही लावू नका. वासाचा साबणही नको. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. एका बैठकीत दोन तेलं, फार तर तीन. नाक एखाद्या वासाला काही मिनिटांतच सरावतं आणि मग तो वास गेल्यासारखा वाटतो. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत दुकानांत दिसते. तिचा साध्या हवेपेक्षा काही जास्त उपयोग होत नाही. बाहेर जा, दोन मिनिटं श्वास घ्या, किंवा स्वतःच्या बाहीत नाक खुपसा. आपल्या अंगाचा वास ही नाकाची कोरी पाटी असते.

पायरी तिसरी: कागद आधी, कातडी नंतर

आधी कागदाची पट्टी. तेल असेल तर काडीचं टोक फक्त टेकवा, फवारा असेल तर वीतभर लांबून एकदा. पट्टी नाकाला चिकटवू नका, हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. ऊद लांबून एक सांगतो आणि जवळून दुसरंच.

कागदावर खटकलेलं तेल कातडीवर कधीकधी सुधारतं, कारण कातडीला ऊब आहे. म्हणून कागदावर अगदीच नको झालेलं सोडून बाकी सगळ्यांना कातडीवर एक संधी द्या. मात्र पहिल्यांदा वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला कणभर लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर विषय तिथेच संपला. नैसर्गिक आहे म्हणून सोसेलच, असं काही नसतं.

मनगट मनगटावर घासायची सवय अनेकांना असते. त्यानं ‘रेणू मोडतात’ असं सांगितलं जातं ते काही खरं नाही. घासल्यानं ऊब येते आणि वरवरचा वास घाईनं उडून जातो, एवढंच. पण तपासताना हाच भाग आपल्याला बघायचाय, तेव्हा घासू नका.

पायरी चौथी: घड्याळ आणि वही

ही पायरी टाळली तर बाकीच्या वाया गेल्या म्हणून समजा. ऊदाच्या वासाचा कणा म्हणजे सेस्क्विटर्पीन नावाचे रेणू, पंधरा कार्बनांचा सांगाडा असलेले. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या हलक्या रेणूंच्या मानानं हे जड, त्यामुळे ते सावकाश उडतात. वर तरंगणारी आंबूस, उग्र मंडळी आधी निघून जातात, मग खालचं लाकूड दिसायला लागतं. म्हणून अंदाजानं आठवू नका, लिहून ठेवा. माझ्या वहीतलं एक पान, आसामच्या तेलाचं, जसंच्या तसं:

७.४० – रेघ ओढली. उग्र. गोठा, पण शेणापेक्षा कडब्याचा जास्त. नव्या चामडी चपलेचा वास.
७.५५ – गोठा मागे सरला. भिजलेलं गोणपाट. जिभेवर तुरट आल्यासारखं वाटतंय.
८.३० – लवंग? लवंगच. धूर, पण गार धूर, चूल विझल्यानंतरचा.
१० – हात लांब असताना वास येतो, नाकाशी धरला तर नाही. विचित्र.
१.१५ – गोडी आली. मनुका, मध. लाकूड आता कोरडं.
५ – कातडीलगत. जुन्या पुस्तकाचं पान उलटल्यासारखं.
रात्री ११ – शर्टाच्या बाहीला सकाळपेक्षा छान. हाताला फक्त गोडसर राळ.
दुसऱ्या दिवशी ७ – बाहीला अजून आहे.

दहा वाजताची ओळ बघा. ती वाचून पूर्वी मी तेल संपलं असं समजलो असतो. प्रत्यक्षात नाक थकलं होतं. खोलीत नव्यानं आलेल्या माणसाला वास व्यवस्थित येत होता. ऊद लावणारी माणसं दुपारी पुन्हा लावतात आणि शेजारच्यांना डोकेदुखी देतात, ती या एका गैरसमजापायी.

तुमच्या वहीत निदान पाच नोंदी हव्यात: लावताक्षणी, पाऊण तासानं, तीन तासांनी, संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी कपड्यावर. खरेदीचा निर्णय शेवटच्या दोन नोंदींवर घ्या. दिवसाचा बराच वेळ तुम्हाला त्याच वासाबरोबर काढायचा असतो. फक्त पहिली नोंदच इतकी असह्य असेल की लोकांत जाणं अवघड होईल, तर मात्र ती धरा.

पायरी पाचवी: वासाला मराठी शब्द द्या

‘वुडी’, ‘स्मोकी’, ‘लेदरी’ हे शब्द बाटलीच्या खोक्यावर ठीक आहेत, पण त्यांनी माझ्या डोक्यात काही उभं राहत नाही. आपल्याकडे वासाच्या छटांसाठी शब्दांची चणचण नाही. भपका, दर्प, झणका, घमघमाट, दरवळ, परिमळ यांत नुसतं बळ आणि पल्लाच किती नेमका मोजलाय! ऊद बहुधा भपक्यानं सुरू होतो आणि दरवळावर येतो. भपक्यातच संपणारा ऊद मला नको.

छटांसाठी: कुबट म्हणजे बंद खोलीतल्या ओलीचा, हा जुन्या लाकडात येतो आणि थोडा असेल तर चांगला लागतो. आंबूस म्हणजे भिजवण्यातून आलेला. करपट आणि खरपूस यांतला फरक तर फार कामाचा: खरपूस धूर चांगल्या तेलाचा, करपट धूर भट्टीत लाकूड तळाला लागल्याचा. त्या करपटपणाची पुढे गोडी होत नाही, तो शेवटपर्यंत तसाच राहतो. तुरट, मातकट, कापरासारखा गार, औषधी, मेणचट. एखादा वास ओळखीचा वाटतो पण नाव सापडत नाही, तेव्हा जागा आठवा: माळा, गोदाम, चांभाराचं दुकान, देवळाचा गाभारा. जागा लिहिली की वास पुन्हा सापडतो.

पायरी सहावी: प्रांतांची नावं वाचायला शिका

तेलाच्या बाटलीवर ‘हिंदी’, ‘कंबोडी’ असं लिहिलेलं दिसेल. व्यापारात ही नावं शैलीसारखी वापरतात. त्यावर पत्त्यासारखा भरवसा ठेवू नये. कंबोडी म्हणून विकलेलं लाकूड दुसऱ्याच देशातलं असू शकतं. तरीही नावांवरून अंदाज येतो.

हिंदी म्हणजे आसाम आणि आसपासचा पट्टा. सगळ्यात उग्र, कातडी, मसालेदार, धुरकट. वरचं वहीचं पान याचंच. या भागातलं अगर फार जुन्या काळापासून नावाजलेलं आहे. कालिदासाच्या रघुवंशात लौहित्य, म्हणजे ब्रह्मपुत्र, ओलांडून प्राग्ज्योतिषात शिरलेल्या रघूचे हत्ती काळ्या अगरूच्या झाडांना बांधलेले आहेत. आसामात या झाडाच्या सालीवर पोथ्याही लिहीत; त्यांना साँचीपात म्हणतात. आजही होजाई हे तिथलं अगरच्या व्यापाराचं मोठं ठाणं आहे.

कंबोडी शैली गोड आणि फळांसारखी: पिकलेलं, मुरलेलं, जवळजवळ मुरांब्यासारखं. थायलंडच्या त्रातचं तेलही याच अंगाचं. नवख्यानं इथून सुरुवात करावी असं मी सांगेन. मान मागे घेण्याची वेळ येत नाही. बोर्निओ आणि मलेशियाकडचं मोकळं, हवेशीर, कापराची गार झुळूक असलेलं. सकाळी लावायला मला हेच बरं वाटतं. व्हिएतनामचं धुपाच्या अंगानं जाणारं, गोड-मसालेदार. न्यू गिनीकडच्या जायरिनॉप्सचं हिरवट, कडसर.

पण झाड, जखम, लाकडाची प्रत, भिजवणं, भट्टीचं भांडं, तेलाचं वय, सगळ्यांचा वास लागतो. एकाच गावची दोन तेलं सख्ख्या भावंडांसारखी नसतात. प्रांताचं नाव वाचा, आणि मग विसरून नाकाचं ऐका.

पायरी सातवी: जोडीदार ओळखा

मिश्रणात ऊद एकटा नसतो, आणि जोडीदारावरून त्याचा स्वभाव बदलतो. ऊद आणि गुलाब ही सगळ्यात जुनी, मुरलेली जोडी. गुलाबाच्या पाकळीत मुळातच किंचित मध आणि मसाला आहे, तो ऊदाच्या तुरटपणाला पकडतो. ऊद गुलाबाचा बाळबोध गोडवा कमी करतो. ‘ऊद आवडत नाही’ म्हणणाऱ्याला मी आधी हीच जोडी हुंगायला देतो. दिओरचं २०१२ मधलं ‘ऊद इस्पहान’ याचा धडा म्हणून हुंगण्यासारखं आहे.

केशरानं ऊद कातडी आणि धातूसारखा होतो. व्हॅनिला आणि अंबर त्याला मऊ करतात, इतके की कधीकधी ऊद शोधावा लागतो. चंदन त्याच्या कडा घासून गुळगुळीत करतं. चामड्याबरोबर तो अधिकच काळोखा होतो. लिंबूवर्गीय वास वर असले तर पहिली वीस मिनिटं छान जातात, नंतर ते उडतात आणि खालचा ऊद उघडा पडतो. दुकानात पाच मिनिटांत घेतलेली बाटली घरी ‘वेगळी’ का वाटते, त्याचं उत्तर बऱ्याचदा हेच.

किती आणि कुठे लावायचं

शुद्ध तेल: काडीची एक रेघ. दोन्ही मनगटांना मिळून एक. सवय झाल्यावर कानामागे दुसरी. एवढंच. फवारा: दोन, त्यातला एक कपड्याखाली छातीवर. बंद खोलीत, लिफ्टमध्ये, लांबच्या प्रवासात याहूनही कमी. मी एकदा एका लांबच्या बैठकीला तीन फवारे मारून गेलो होतो. तासाभरात कोणीतरी न बोलता खिडकी उघडली. अर्ध्या तासानं दुसरी. कोणी काही म्हणालं नाही, पण मला कळायचं ते कळलं.

बाहेर निघण्याच्या निदान अर्धा तास आधी लावा, म्हणजे भपका घरातच ओसरतो. थंड हवेत ऊद शांतपणे पसरतो. उकाड्यात आणि दमट हवेत तो अंगावर येतो, तेव्हा हलकी, कापरी अंगाची तेलं काढा. कोरड्या कातडीवर वास लवकर विरतो. आधी बिनवासाचं मलम चोळलं की टिकतो.

कपड्यावर लावत असाल तर जपून. गडद तेलाचा डाग फिक्या कापडावरून जात नाही. अस्तराच्या आतून लावा, किंवा गडद लोकरीवर.

लाकूड तापवायचं असेल तर

तेलानं ऊद कळतो असं वाटायला लागलं की एकदा लाकडाचा तुकडा तापवून बघा, कारण तो वास निराळा असतो. राळेत क्रोमोन नावाची संयुगं असतात. ती सहजी उडत नाहीत, म्हणून तेलात फारशी उतरत नाहीत. उष्णता मिळाली की फुटतात आणि गोड, फुलासारखा, किंचित बदामी वास सोडतात. तेलात न सापडलेली गोडी इथे सापडते.

चूक एकच होते, फार आच. तुकडा निखाऱ्यावर थेट टाकला तर मिनिटभर सुंदर आणि मग करपट धूर. निखाऱ्यावर राखेचा थर द्या, त्यावर अभ्रकाची चकती, चकतीवर नखाएवढा तुकडा. विजेचा तापक असेल तर सगळ्यात कमी आचेपासून सुरू करा. धूर दिसला म्हणजे आच जास्त झाली. तुकड्यावर राळेचे बुडबुडे येऊन तो चकाकला पाहिजे. वास त्या वेळी सगळ्यात स्वच्छ असतो. कोदो या सुगंध अनुभवण्याच्या जपानी परंपरेत लाकूड असंच, न जाळता, तापवून अनुभवतात. जपानमधल्या नाराच्या शाही भांडारात रांजाताई नावाचा अगरचा मोठा ओंडका आहे. १५७४ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारानं त्यातून तुकडा कापून घेतला होता. सत्ता हाती आली की माणसं काय काय मागतात!

घेताना काय बघायचं

तेल खरं आहे का, हे घरी सिद्ध करता येत नाही. पाण्यात टाकून, फ्रीजमध्ये गोठवून, कागदावर डाग पाडून किंवा जाळून बघायच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्यांनी फार तर ढोबळ भेसळ पकडली जाते. खात्रीची तपासणी प्रयोगशाळेतली, गॅस क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून बघण्याची. आपल्या हातात आहे ते असं: आधी नमुन्याएवढं, दोन-तीन थेंब घ्या आणि घड्याळाची पायरी पुरी करा. विकणाऱ्याला विचारा, लाकूड कुठलं, लागवडीचं की रानातलं, किती दिवस भिजवलं, कोणत्या साली काढलं. सगळी उत्तरं देणारा खराच असेल असं नाही, पण प्रश्नांनी चिडणाऱ्याकडून मी कधीच घेत नाही. ‘शंभर वर्षं जुन्या झाडाचं’ असं प्रत्येक बाटलीबद्दल सांगणाऱ्याकडूनही नाही.

लाकडाच्या तुकड्यांत फसवणूक सोपी असते. फिकं लाकूड काळं रंगवतात, तेलात बुडवतात, वजनासाठी धातू भरतात. त्यामुळे पाण्यात बुडलं म्हणजे अस्सल, हेही पुरेसं नाही. खऱ्या तुकड्यात राळेच्या रेषा आणि फिकं लाकूड एकमेकांत गुंतलेले दिसतात. सगळीकडून सारखा काळाकुळकुळीत, चकचकीत तुकडा दिसला की चाकूनं खरवडा, आणि मग कणभर तापवा. रसायनाचा वास लगेच नाकात बसतो.

आणि कायद्याचा भाग. रानातला ऊद ओरबाडून संपत आला आहे. कुठल्या झाडात राळ आहे हे बाहेरून नीट कळत नाही, त्यामुळे रिकामी झाडंही तोडली गेली. अ‍ॅक्विलेरिया मलाकेन्सिस १९९५ मध्ये साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं, आणि २००४ च्या बँकॉक परिषदेत दोन्ही वंशांतल्या सगळ्या जाती त्यात घेण्याचा निर्णय झाला. त्यांचा देशांतर व्यापार परवान्यानंच होतो. प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी एक किलो तुकडे, २४ मिलिलिटर तेल आणि मण्यांच्या दोन माळा इतकी सूट या करारात आहे. देशाचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. शक्य तिथे लागवडीचं तेल मागा.

ठेवायचं कसं

काचेची बाटली, घट्ट बूच, अंधार, गारवा. न्हाणीघरातला कप्पा नको, खिडकी तर नकोच. फवाऱ्याची बाटली उजेडात आणि उन्हात बिघडते. शुद्ध तेल मात्र नीट ठेवलं तर वर्षांगणिक मुरतं, गोठा मावळतो, गोडी वर येते. म्हणून कोवळं, आंबूस तेल आवडलं नाही तर टाकून देऊ नका. बाटलीवर तारीख लिहा, मागे सरकवा आणि वर्षभरानं तोच खेळ वहीसकट पुन्हा खेळा.

पहिल्या दिवशीची ती बाटली मी अशीच मागे सरकवली होती. चार वर्षांनी उघडली. वहीत लिहिलंय: ‘७.१० – गोठा आहे, पण गाय चरायला गेलीय.’